नथ चापाची, एक आणा

एम. जी. रोडला जिन्याखाली माझं दुकान.
जुने फोटो नवे करून मिळतील, अशी पाटी.
लोक पिशवीतून पूर्वज काढतात,
कुणी वर्तमानपत्रात गुंडाळलेले, कुणी उशीच्या अभ्र्यात,
आणि म्हणतात, ताई, बुरशी तेवढी काढा.

मी काढते.
काढता काढता मला एक लुगडं ओळखू यायला लागलं.
पदरावर मोर, चौथ्या मोराची मान उसवलेली.
तांबट आळीतल्या बाईच्या खांद्यावर तो,
सिन्नरच्या पाटलीणबाईंच्या खांद्यावर तो,
त्र्यंबकच्या गुरुजींची नवी नवरी,
तिच्याही पदरात मानमोड्या मोर.
तीन घरांत, तीन भिंतींवर
‘आमची घरची पैठणी’.

विसूभाऊ टिळ्यांचा भद्रकालीत स्टुडिओ होता.
त्यांची वही रद्दीत घालण्याआधी पुतणीने मला दाखवली.
वहीत पैठणी नव्हतीच:
शालू, चार आणे. पागोटे, दोन आणे.
नथ चापाची, एक आणा.
तलवार लाकडी, फुकट.

अख्ख्या गावाची अब्रू एका खुंटीला,
आणि वर्षातून एकदा गच्चीवर उन्हात.

काल हिरामण भोये आले.
मूळचे पेठकडचे, आता इंदिरानगरला बंगला.
सोबत पणजी.
बुधवारी जन्मली म्हणून बुधी,
बुधवारच्या बाजाराला दोन दिवस चालत
हिरडा घेऊन नदीकाठी उतरायची.
फोटोत तिच्या मागे पडद्यावर रंगवलेलं तळं, दोन हंस;
खरी गोदावरी दाराबाहेर, हाकेच्या अंतरावर.

अंगावर शालू. मोजले. चौथा तोच.
गुडघ्याच्या वर नेसणारी बाई,
टिळ्यांनी काठ ओढून घोट्यापर्यंत आणलेला,
पण पायांनी ऐकलं नाही.
ते बांधावर उभे राहतात तसे उभे आहेत, बोटं फाकून.
नाकाला चाप चावल्यावर येतं ते पाणी डोळ्यांत.
घरचे सांगत आले, माहेर आठवलं असणार.

आणि कपाळावर, हनुवटीवर,
मनगटापासून कोपरापर्यंत
ठिपके, फण्या, एक झाड.

“हे डाग काढायचे,” हिरामण म्हणाले.
“आणि रंग भरा. शालू हिरवा करा.
हॉलमध्ये लावायचाय, मुलीकडे पाहुणे येणारेत.”

त्या काळच्या काचेला लाल कळत नसे,
लाल काळा उमटे.
म्हणून शालू हिरवा होता की लाल, मला सांगता येत नाही.
कुंकू कुठलं, गोंदण कुठलं, तेही नाही.
स्टुडिओने बोटाने लावलेलं
आणि कुणीतरी सुईने टोचलेलं,
रडत असताना, धरून ठेवून,
दोन्ही एकाच काळ्यात उतरलंय.

मी ती पडद्यावर मोठी केली.
माऊस एकदा फिरवला, मनगट गोरं झालं.
झाड गेलं.
मग हनुवटी. मग कपाळ.
आणि काय सांगू, बाईच उरली नाही.
हंसांसमोर शालू उभा होता, चार आण्यांचा.
नथ उभी होती, एक आण्याची.

उलट फिरवलं. झाड परत आलं.

म्हटलं, हिरामणभाऊ,
यात भाड्याचं काय नि तिचं काय, तुम्हीच बघा.
ते बराच वेळ वाकून बघत राहिले.
बाहेर त्यांचा रिक्षावाला हॉर्न मारत होता.
मग त्यांनी झाडावर बोट ठेवलं,
दुखेल की काय, अशा बेताने.
म्हणाले, आईच्या हातावर आहे हे.
म्हणाले, आई फुलबाह्यांचं पोलकं घालते हल्ली. आम्हीच सांगितलं.

जाताना जिन्याशी थांबले.
“राहू द्या ते. पण शालू हिरवाच करा.”

केला.
चौथ्या मोराची मान मात्र शिवली नाही.